वंशवृक्षांतील दुबळ्या फांद्या



शिक्षकांनीं पुस्तकांतील एक उतारा सुवाच्य अक्षरांत उतरून आणावयास सांगितला आहे आणि दुसऱ्या दिवशीं पांच वह्या त्यांच्या मेजावर आल्या आहेत, अशी कल्पना करा. शिक्षक वह्या चाळूं लागतात. गणपत व हरि या दोघांच्या वह्यांत एकच ओळ संबंध गळालेली आहे. शिवाय पुस्तकांत ‘गलबत’ असा शब्द असतां दोघांनींहि ‘गवत’ असें लिहिलें आहे. पुस्तकावरून स्वतंत्रपणें उतरून घेणाऱ्या दोघांकडून नेमक्या ह्याच दोन चुका होणें जवळजवळ अशक्य. तेव्हां एकानें दुसऱ्याची वही पाहून लिहिलें, किंवा दोघांनींहि तिसऱ्याच एका वहीवरून लिहिलें, हें शिक्षक तत्काळ ओळखतात. आतां यशवंत व दिनकर यांच्या वह्या पाहा. त्या दोघांनीं ‘परीक्षा’ या शब्दांतील री ऱ्हस्व काढली आहे. दुसरें कांहींच साम्य नाहीं. एवढ्यावरून यशवंतानें दिनकराचें पाहून लिहिलें, असें म्हणतां येईल काय? ही चूक वर्गांतील निम्मीं मुलें आपापल्या बुद्धीनें करीत असतात. समंजस शिक्षक अशा वेळीं त्या दोघांना उभें करीत नाहींत. ‘येथें कांहीं सांगतां येत नाहीं’ असें मनाशीं म्हणून ते पुढची वही उघडतात.

दुबळ्या पुराव्यावर नातें जोडूं नये, हा जो साधा न्याय शिक्षक वह्या तपासतांना पाळतात, तोच न्याय सजीव सृष्टीचीं नातीं शोधणाऱ्या शास्त्रज्ञांनाहि पाळावा लागतो. तो संगणकाकडून कसा पाळून घ्यावा, आणि त्यासाठीं आमच्या वर्गानें एक छोटेसें साधन कसें तयार केलें, हें या पाठांत सांगावयाचें आहे.

सजीवांची वंशपरंपरा हीहि एक प्रकारें उतरून घेण्याचीच क्रिया होय. आपल्या पेशींत डी. एन. ए. नांवाचें जें द्रव्य असतें, त्यांत ए, सी, जी आणि टी या चार घटकांच्या लांबच लांब माळेच्या रूपानें आनुवंशिक मजकूर सांठविलेला असतो. एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातांना ह्या मजकुराची नक्कल होते आणि क्वचित् एखादें अक्षर बदलतें. तो बदल मग वंशजांच्या मजकुरांत उतरत जातो. म्हणून दोन जातींच्या मजकुरांत असे अनेक बदल समान आढळले, आणि ते इतरांत नसले, म्हणजे त्या दोन जाती इतरांच्या मानानें अलीकडच्या एकाच पूर्वजापासून निघाल्या असें अनुमान करतां येतें. अशीं अनुमानें एकत्र करून जी आकृति काढतात, तिला वंशवृक्ष म्हणतात. चार्ल्स डार्विन यानें १८३७ सालीं आपल्या टिपणवहींत असा एक लहानसा वृक्ष काढला होता, आणि हें केवळ आपणांस वाटतें, एवढेंच त्याच्या माथ्यावर लिहून ठेवलें होतें. पुढें १८५९ सालीं जातींच्या उगमाविषयींचा त्याचा प्रख्यात ग्रंथ प्रसिद्ध झाला; त्यांत जी एकच आकृति आहे, तीहि वंशवृक्षाचीच आहे.

वंशवृक्षाच्या टोंकांना पानें म्हणतात. हीं पानें म्हणजे ज्यांचा मजकूर आपल्या हातीं आहे त्या जाती. जेथें फांदी फुटते, तें बेचकें. तें पूर्वीं होऊन गेलेल्या एका पूर्वजाची जागा दाखवितें. दोन बेचक्यांना जोडणारी फांदी असें सांगते कीं, हिच्या पुढचीं सर्व पानें मिळून एक कुटुंब आहे. वृक्षाचा सर्व अर्थ ह्या आंतील फांद्यांत सांठविलेला असतो.

आतां एक अडचण पाहा. तीन जाती असल्या म्हणजे मूळ धरून त्यांचे तीन निरनिराळे वृक्ष काढतां येतात. चार जातींचे १५, पांच जातींचे १०५, आणि दहा जातींचे ३,४४,५९,४२५ वृक्ष होतात. ह्या गर्दींतून पुराव्याशीं सर्वांत जुळणारा वृक्ष निवडण्याचें काम संगणक करतो. परंतु पुष्कळशा आज्ञावल्यांना प्रत्येक बेचक्यांतून बरोबर दोनच फांद्या काढण्याची शिकवण दिलेली असते. त्यामुळें पुरावा भरपूर असो वा तोकडा असो, उत्तर नेहमीं पूर्ण बांधलेल्या वृक्षाच्या रूपानेंच येतें. यशवंताची वही दिनकराच्या वहीला जोडल्यावांचून असली आज्ञावली थांबत नाहीं.

गेल्या वर्षीं विज्ञान-प्रदर्शनासाठीं आमच्या वर्गानें एक तक्ता केला. मानव, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान, गिबन आणि माकड या सहा प्राण्यांच्या एका लहानशा जनुकभागाचा मजकूर घेऊन, संगणकाकडून वंशवृक्ष काढून, तो मोठ्या कागदावर काळ्या शाईनें सुबक रेखाटला होता. तक्ता भिंतीवर लावण्याच्या आदल्या दिवशीं एका विद्यार्थिनीनें विचारलें, “गुरुजी, चिंपांझीचा सर्वांत जवळचा नातलग मानव, असें आपल्या पुस्तकांत आहे. आपल्या तक्त्यांत तर चिंपांझी गोरिलाला जोडला आहे. यांतलें खोटें कोणतें?” मी खरोखर गोंधळलों. संगणकानें दिलेली मूळ फाईल पुन्हां उघडून पाहिली, तेव्हां उलगडा झाला. तेथें प्रत्येक फांदीला एक अंक दिलेला होता. ओरांगउटानापर्यंतच्या कुटुंबाला ९९, मानव, चिंपांझी व गोरिला या तिघांच्या कुटुंबाला ९७; परंतु चिंपांझी व गोरिला यांच्या जोडीला अवघा ४१. तक्ता रेखाटतांना आम्हीं हे अंक गाळले होते आणि तिन्ही फांद्या सारख्याच ठळक काढल्या होत्या. पुस्तक खोटें नव्हतें. संगणकहि खोटें बोलला नव्हता; ही जोडी कच्ची आहे हें त्यानें अंकानें सांगितलें होतें. त्याचें तें सांगणें पुसून टाकणारे आम्हीच होतों.

हा अंक कोठून येतो, तें समजून घेणें जरूर आहे. ब्रॅडली एफ्रॉन या संख्याशास्त्रज्ञानें १९७९ सालीं ‘बूटस्ट्रॅप’ नांवाची एक युक्ति मांडली, आणि जोसेफ फेल्सेनस्टाइन यानें १९८५ सालीं ती वंशवृक्षांना लावली. समजा, आपल्याजवळ प्रत्येक प्राण्याचा १,००० अक्षरांचा मजकूर आहे. तो एकाखालीं एक असा लिहिला, म्हणजे १,००० उभे स्तंभ होतात. प्रत्येक स्तंभाची एक चिठ्ठी करून त्या एका मडक्यांत घाला. एक चिठ्ठी काढा, तो स्तंभ लिहून घ्या, आणि चिठ्ठी परत मडक्यांत टाका. असें १,००० वेळां करा. नव्या मजकुरांत कांहीं स्तंभ दोनदां-तीनदां येतील, आणि सुमारें ३७ टक्के स्तंभ एकदांहि येणार नाहींत. ह्या नव्या मजकुरावरून पुन्हां वृक्ष काढा. हा सर्व प्रकार शंभर वेळां केला, आणि त्या शंभर वृक्षांपैकीं ४१ वृक्षांतच चिंपांझी व गोरिला यांची जोडी दिसली, म्हणजे त्या फांदीचा आधारांक ४१ झाला.

ह्याचें मर्म असें कीं, जें नातें पुष्कळ स्तंभांवर उभें आहे, तें कांहीं स्तंभ गळाले तरी ढळत नाहीं. जें दोन-चार स्तंभांवर टेकलें आहे, तें त्या स्तंभांच्या चिठ्ठ्या न निघतांच नाहींसें होतें. गणपत व हरि यांचें साम्य पहिल्या प्रकारचें, यशवंत व दिनकर यांचें दुसऱ्या प्रकारचें. मात्र एक गोष्ट विसरूं नये. आधारांक ४१ म्हणजे तें नातें खरें असण्याचा संभव शंभरांत ४१ आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. हातीं असलेला पुरावा आपल्याशींच किती एकमत आहे, एवढेंच तो सांगतो. पुराव्यालाच एखादें वळण लागलें असेल, तर तो एकमुखानें चुकीचेंहि बोलेल. ज्या दोन वंशांत बदल फार वेगानें झाले आहेत, ते वंश एकमेकांचे निकट नसतांनाहि वृक्षांत एकत्र ओढले जाऊं शकतात, हें फेल्सेनस्टाइन यानेंच १९७८ सालीं दाखवून दिलें होतें. तेव्हां मोठा अंक ही सत्याची हमी नव्हे. लहान अंक ही मात्र सावधगिरीची सूचना खचित होय.

दुसऱ्या दिवशींच्या तक्त्यावर आम्हीं ती जोडी खोडली आणि तिघांच्या फांद्या एकाच बेचक्यांतून काढल्या. पण पुढें चाळीस-पन्नास पानांचे वृक्ष हाताळूं लागल्यावर हें काम हातानें करणें जड जाऊं लागलें. म्हणून वर्गांतील पांच विद्यार्थ्यांनीं पायथन नांवाच्या संगणकभाषेंत एक आज्ञावली लिहावयाचें ठरविलें. अशा आज्ञावल्या तज्ज्ञांनीं पूर्वींच तयार करून ठेवल्या आहेत. तरीहि आपण स्वतः लिहून पाहिल्यानें त्या कामांतील खांचखळगे जसे कळतात, तसे तयार साधन वापरून कळत नाहींत.

प्रथम संगणकाला वृक्ष वाचावयास शिकविलें पाहिजे. वृक्ष एका ओळींत लिहिण्याची एक सोयीची पद्धत आहे. तिला ‘न्यूइक’ म्हणतात. १९८६ सालीं अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर संस्थानांत कांहीं शास्त्रज्ञांनीं ती ठरविली, आणि त्यांची शेवटची बैठक ज्या उपाहारगृहांत झाली त्याचेंच नांव तिला मिळालें. तिचे नियम थोडे आहेत. एका कुटुंबांतील मंडळी एका कंसांत लिहावी, त्यांच्यामध्यें स्वल्पविराम द्यावा, कंस मिटल्याबरोबर त्या कुटुंबाचा आधारांक लिहावा, फांदीची लांबी द्यावयाची असल्यास अपूर्णविरामानंतर द्यावी, आणि शेवटीं अर्धविराम करावा. लांबी गाळून आमचा वृक्ष असा लिहितां येतो:

(((((चिंपांझी,गोरिला)४१,मानव)९७,ओरांगउटान)९९,गिबन),माकड);

आज्ञावली ही ओळ डावीकडून उजवीकडे अक्षर-अक्षर वाचते. कंस उघडला कीं, एक नवें बेचकें तयार करून त्यांत शिरावें. नांव आलें कीं, एक पान लावावें. स्वल्पविराम आला कीं, त्याच बेचक्याच्या पुढील मुलाकडे वळावें. कंस मिटला कीं, मागचा अंक टिपून एक पायरी वर यावें. सर्व कंस मिटले, म्हणजे वृक्ष संगणकाच्या स्मरणांत उभा राहतो.

यानंतर मुख्य काम. आज्ञावली पानांकडून मुळाकडे येते. प्रत्येक बेचक्यापाशीं ती त्याचीं मुलें आधीं तपासते आणि मग त्या बेचक्याचा अंक पाहते. तो अंक ठरविलेल्या मर्यादेहून कमी असला, तर तें बेचकें काढून टाकावयाचें, आणि त्याचीं मुलें त्याच्या बापाच्या ओटींत त्याच जागीं ठेवावयाचीं. मर्यादा ७० धरली, तर आमची ओळ अशी होते:

((((चिंपांझी,गोरिला,मानव)९७,ओरांगउटान)९९,गिबन),माकड);

एकहि प्राणी गळाला नाहीं. फक्त एक न टिकणारें विधान गळालें. जेथें दोन फांद्या होत्या तेथें आतां तीन झाल्या. अशा बेचक्याला आपण बहुफाटा म्हणूं. फांद्यांच्या लांब्या दिलेल्या असल्या, तर काढून टाकलेल्या फांदीची लांबी तिच्या प्रत्येक मुलाच्या लांबींत मिळवावी. नाहींतर मुळापासून पानापर्यंतचें अंतर उगीच घटतें आणि त्या वंशांत बदल कमी झाले असा खोटा समज होतो.

ऐकावयास हें सोपें वाटतें; पण आमची पहिली आज्ञावली तीन ठिकाणीं चुकली. त्या चुका सांगण्याजोग्या आहेत.

पहिली चूक अंक नसलेल्या बेचक्याची. वरील ओळींत गिबनानंतर कंस मिटतो, परंतु तेथें अंक नाहीं. माकडाला बाजूस ठेवून उरलेल्या पांचांचें एक कुटुंब धरावयाचें, हें आम्हींच आरंभीं ठरविलें होतें. तें पुराव्यानें सिद्ध केलेलें नव्हतें, म्हणून त्याला आधारांकहि नव्हता. आमच्या आज्ञावलीनें अंक नाहीं म्हणजे शून्य, असें समजून तें बेचकेंहि मोडलें. ज्या विद्यार्थ्यानें परीक्षाच दिली नाहीं, त्याला शून्य गुण मिळाले असें म्हणण्यासारखेंच हें झालें. जेथें अंक नाहीं तेथें हात लावूं नये आणि वापरणाऱ्यास तसें कळवावें, असा नियम मग आम्हीं केला.

दुसरी चूक मापाची. कांहीं आज्ञावल्या आधारांक शंभरांपैकीं देतात, तर कांहीं एकापैकीं. म्हणजे ९५ याऐवजीं ०.९५. अशी एक फाईल आमच्या साधनांत घातली आणि मर्यादा ७० ठेवली. प्रत्येक अंक ७० हून लहान ठरला, एकूणएक फांद्या मोडल्या, आणि सर्व पानें एकाच गांठींतून निघालेलीं दिसूं लागलीं. झाडाचा खराटा झाला! मुलें पोट धरून हंसलीं. पण फाईल मोठी असती, तर ही चूक आमच्या लक्षांतहि आली नसती. आतां सर्व अंक एकाहून मोठे नसले, तर आज्ञावली थांबते आणि माप विचारते.

तिसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. आधारांक हा खरें पाहतां फांदीचा असतो. न्यूइक पद्धतींत मात्र तो बेचक्यापुढें लिहितात. वृक्षाचें मूळ एका जागेहून दुसऱ्या जागीं हलविलें, म्हणजे कांहीं फांद्यांची दिशा उलटते, आणि बेचक्याला चिकटलेला अंक भलत्याच फांदीकडे जाण्याचा धोका उत्पन्न होतो. तज्ज्ञांच्या वापरांतील कित्येक आज्ञावल्यांतहि हा दोष आहे, असें २०१७ सालच्या एका परीक्षणांत दिसून आलें. म्हणून आम्हीं असा क्रम ठरविला कीं, आधीं दुबळ्या फांद्या मिटवाव्या आणि मूळ हलवावयाचें असल्यास नंतर, अंक कोठें जातात तें डोळ्यांत तेल घालून पाहून, हलवावें.

साधन बरोबर चालतें, हें कशावरून ओळखावें? त्यासाठीं चार कसोट्या केल्या. पानांची संख्या आधीं जितकी होती, तितकीच नंतर असली पाहिजे. मुळापासून प्रत्येक पानापर्यंतचें अंतर कायम राहिलें पाहिजे. मर्यादा शून्य दिली, तर वृक्षांत कांहींच बदल होतां कामा नये. आणि एकदां मिटविलेला वृक्ष त्याच मर्यादेनें पुन्हां साधनांत घातला, तर तो जसाचा तसा बाहेर आला पाहिजे. ह्या चारी कसोट्यांना उतरल्यावरच आम्हीं त्या आज्ञावलीवर विश्वास ठेवला.

मर्यादा किती असावी, हा प्रश्न मात्र आज्ञावली सोडवूं शकत नाहीं. तो माणसानेंच सोडवावयाचा आहे. डेव्हिड हिलिस व जेम्स बुल यांनीं १९९३ सालीं दाखविलें कीं, विशिष्ट अनुकूल परिस्थितींत बूटस्ट्रॅपचा ७० हा आधारांक असलेलें कुटुंब बहुधा खरें ठरतें. तेव्हांपासून ७० ही मर्यादा पुष्कळ ठिकाणीं वापरतात. आधारांक काढण्याच्या दुसऱ्या पद्धती आहेत. त्यांपैकीं कांहींना ९५ पर्यंतची मर्यादा लावावी लागते. शिवाय हेतूप्रमाणेंहि मर्यादा बदलते. अनेक जनुकांचे शेंकडों वृक्ष एकत्र करून जातींचा एक वृक्ष काढण्याचें ‘अ‍ॅस्ट्रल’ नांवाचें एक साधन आहे. त्याच्या कर्त्यांस २०१८ सालीं असें आढळून आलें कीं, ज्या फांद्यांचा आधार १० टक्क्यांहूनहि कमी आहे, तेवढ्या आधीं मिटविल्या तर उत्तर सुधारतें. परंतु मर्यादा फार वाढवून सरसकट कापणी केली, तर उपयुक्त पुरावाहि वाया जाऊन उत्तर बिघडतें. शेतांत तण काढणाऱ्यानें रोपेंहि उपटून चालत नाहीं. म्हणून कोणती मर्यादा धरली, तें वृक्षाखालीं स्पष्ट लिहावें, आणि मूळचा न मिटविलेला वृक्षहि जपून ठेवावा.

येथें कोणी म्हणेल, “हा सारा खटाटोप माहिती कमी करण्यासाठींच ना? बहुफाटा म्हणजे अज्ञानाची कबुली. ती तक्त्यावर कशाला मिरवावी?” ह्या शंकेचें उत्तर आमच्या तक्त्यांतील त्याच तिघा प्राण्यांच्या इतिहासांत आहे. मानव, चिंपांझी व गोरिला यांच्यांत कोणते दोघे अधिक जवळचे, हा वाद पुष्कळ वर्षें चालला होता. त्या काळांत अनेक शास्त्रज्ञ तिघांनाहि एकाच बेचक्यांतून काढीत असत. पुढें १९८४ सालीं चार्ल्स सिब्ली व जॉन अ‍ॅल्क्विस्ट यांनीं डी. एन. ए. ची तुलना करून मानव व चिंपांझी यांची जोडी सुचविली. त्यावर बरेच आक्षेप आले. पण पुढें अनेक स्वतंत्र जनुकांचा पुरावा जमत गेला, तसतशी तीच जोडी पक्की होत गेली. २०१२ सालीं गोरिलाचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हां आणखी एक नवल कळलें. त्या मजकुराच्या सुमारें ३० टक्के भागांत गोरिला हा मानवाला किंवा चिंपांझीला, त्या दोघांच्या परस्पर जवळिकेपेक्षां, अधिक जवळचा आहे! ह्या वंशांचे फांटे एकापाठोपाठ इतक्या थोडक्या काळांत फुटले कीं, त्या प्राचीन पूर्वजांत असलेले निरनिराळे जनुकप्रकार तिन्ही वंशांत सरमिसळ होऊन उतरले. म्हणून एकच लहानसा जनुकभाग घेऊन बसलेल्या आमच्या वर्गाला चिंपांझी व गोरिला यांची जोडी दिसली, यांत आश्चर्य नव्हतें.

आतां विचार करा. ज्यांनीं त्या काळीं चिंपांझी व गोरिला यांची जोडी ठामपणें काढली, त्यांना ती पुढें खोडावी लागली. ज्यांनीं तिघांचा बहुफाटा काढला, त्यांना कांहींच खोडावें लागलें नाहीं; त्यांच्या बेचक्यांत नंतर फक्त एक फांदी भरावी लागली. त्यांचा वृक्ष थोडें बोलला, परंतु जें बोलला तें आजहि खरें आहे. शिवाय त्या उघड्या ठेवलेल्या बेचक्यानेंच पुढच्या संशोधकांना काम कोठें करावयाचें तें दाखविलें. शास्त्रज्ञ दोन प्रकारचे बहुफाटे मानतात. पुराव्याच्या अभावीं राहिलेला तो मृदु, आणि एकाच वेळीं खरोखरच अनेक वंश फुटल्यामुळें झालेला तो कठीण. हा भेद वेन मॅडिसन यानें १९८९ सालीं स्पष्ट केला. आपण मिटविलेल्या फांद्यांतून निघणारा बहुफाटा पहिल्या प्रकारचा समजावा. तो ‘येथें तिघे एकदमच निराळे झाले’ असें म्हणत नाहीं, ‘येथें अजून ठरलें नाहीं’ एवढेंच म्हणतो.

आपल्या महाराष्ट्रांतहि ह्याच वृत्तीचें एक थोर उदाहरण आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सित आवृत्ति तयार करण्याचें काम १९१९ सालीं हातीं घेतलें; तें १९६६ सालीं पुरें झालें. १९२५ पासून १९४३ पर्यंत डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर हे त्याचे प्रमुख संपादक होते. भारताच्या निरनिराळ्या भागांतील शेंकडों हस्तलिखितें ताडून पाहून, कोणतें हस्तलिखित कोणत्या परंपरेंतील, हें त्यांनीं समान पाठ व समान फरक यांवरून ठरविलें, आणि आदिपर्वाच्या परंपरांचा एक वंशवृक्षहि काढला. हस्तलिखितें उतरणारे लेखनिक, आपल्या वर्गांतील गणपत व हरि, आणि पेशींतील डी. एन. ए. यांची विद्या मुळांत एकच आहे. परंतु विशेष ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट निराळीच. ज्या शब्दाविषयीं पुरेशी खात्री नाहीं, त्याच्या खालीं त्या आवृत्तींत नागमोडी रेघ छापलेली आहे. अशा रेघांमुळें ग्रंथाची प्रतिष्ठा कमी झाली काय? उलट, ज्या शब्दांखालीं रेघ नाहीं, त्यांवरील वाचकाचा विश्वास तिनें वाढविला.

आमच्या तक्त्यावरील ती खोडलेली फांदी अजून दिसते. नवा कागद घेऊन तक्ता पुन्हां काढावा, असें कांहीं मुलांचें म्हणणें होतें. पण प्रदर्शन पाहावयास आलेल्या एका पालकांनीं त्या खोडीकडे बोट दाखवून कारण विचारलें, आणि जिनें तो प्रश्न प्रथम काढला होता, त्याच विद्यार्थिनीनें त्यांना तें दहा मिनिटें समजावून सांगितलें. बाकीच्या सुबक तक्त्यांपुढें कोणी इतका वेळ थांबलें नाहीं. तेव्हां तो तक्ता आहे तसाच ठेवला आहे.

आतां थोडा अभ्यास. खालील वृक्षाला ७० ही मर्यादा लावून दुबळ्या फांद्या मिटवा. आकृति काढून पाहिल्यास सोपें जाईल.

(((क,ख)९६,ग)५५,(घ,(च,छ)८८)४२,ज);

उत्तर असें यावें:

((क,ख)९६,ग,घ,(च,छ)८८,ज);

मर्यादा ५० धरली तर उत्तर काय येईल, तें स्वतः काढा, आणि पहिल्या उत्तराहून तें कोणतें एक विधान अधिक करतें, तें एका वाक्यांत लिहा. तें वाक्य लिहिल्यावर, त्यावर आपण पैज लावावयास तयार आहों काय, असें स्वतःला विचारा. ज्याला हा प्रश्न विचारावयाची संवय लागली, त्याला दुबळी फांदी कोणती, हें पुढें फारसें शिकवावें लागत नाहीं.